कोपर नसलेले हात

मुलांनी काढलेल्या स्मरणचित्रांचा एक गठ्ठा आमच्या कपाटात आहे. सात-आठ वर्षांत साठलेली सरावाची चित्रे आहेत. विषय नेहमीचेच: आठवडी बाजार, एस.टी. स्टँड, पतंग उडवणारी मुले, ईदगाहवरची सकाळ. हा गठ्ठा सलग चाळला तर एक गोष्ट कोणाच्याही लक्षात येईल. यातील बहुतेक माणसे पाठमोरी आहेत. जी पाठमोरी नाहीत त्यांच्या हातात छत्री आहे आणि ती बरोबर तोंडासमोर आली आहे. हिवाळ्यातल्या बाजारातही छत्री. बायका बुरख्यात आहेत, म्हणजे वरपासून खालपर्यंत काळा रंग फासला की काम झाले. एका पठ्ठ्याने तर एस.टी. स्टँडवरचे सगळे प्रवासी एकाच वेळी खाली वाकून चपलेचा पट्टा लावताना दाखवले आहेत. पाहताना हसू येते. मग नजर हातांकडे जाते. खांद्यापासून निघालेली नळी थेट पाच काड्यांपर्यंत जाते. मधे कोपर नाही, मनगट नाही. पायांना गुडघा नाही, घोटा नाही.

पाठमोऱ्या माणसांची युक्ती मुलांना सुचलेली नाही. ती आम्ही शिकवली. शासकीय रेखाकला परीक्षेत, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ग्रेडच्या परीक्षांत, स्मरणचित्राचा पेपर असतो आणि त्यात मानवाकृती अपेक्षित असतात. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन यांत उर्दू शाळेतील मुले कोणाला हार जाणारी नाहीत. संकल्पचित्रात तर त्यांचा हात असा फिरतो की पाहत राहावे. अडते ते माणसापाशी. आम्ही मुळात विज्ञानाचे शिक्षक, बी.एड. झालेले. चित्रकलेचा तास आमच्याकडे आला, कारण शाळेत त्या विषयाचा शिक्षक नाही आणि आम्हाला फळ्यावर हृदयाची आकृती बऱ्यापैकी काढता येते. पालकांची तक्रार नको, कमिटीची मीटिंग नको, मुलांचे गुणही जायला नकोत. मग पहिल्याच वर्षी एका मुलाने "सर, मुंडी निकालना क्या?" असे विचारले तेव्हा आम्ही सांगून मोकळे झालो, "बेटा, आदमी पीछे से निकाल."

आज आम्हाला वाटते की त्या एका वाक्याने आम्ही मुलांना पळवाट शिकवली आणि दीनाचे रक्षणही केले नाही. म्हणून या लेखात आम्हाला जे भांडायचे आहे ते आधी स्वतःशी, मग आमच्यासारख्या शिक्षकांशी, संस्थाचालकांशी आणि पालकांशी. मौलवीसाहेबांचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. त्यांना आपण कधी नीट विचारलेलेच नाही.

आमचे स्वतःचे शिक्षण अकोल्यात झाले. पाचवीत असताना आम्ही दोन पैलवानांच्या कुस्तीचे चित्र काढले होते. एकाने दुसऱ्याची मान बगलेत धरली आहे, असा काहीसा डाव होता. वही तपासताना गुरुजींनी काही न बोलता लाल पेनाने दोघांच्या गळ्यांवर एकेक आडवी रेघ ओढली आणि वही परत केली. मान तोडली म्हणजे चित्र निर्जीव झाले, हा त्यामागचा हिशोब. (काही उलेमांच्या मते नुसत्या रेघेने भागत नाही, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले.) गुरुजी वाईट नव्हते. त्यांना जे सांगण्यात आले होते ते त्यांनी केले. पण त्यानंतर आम्ही माणूस काढणे सोडले ते सोडलेच.

त्याच काळात आमचे एक मामू गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि दुकानांच्या पाट्या रंगवीत. अधूनमधून सिनेमाचा बॅनरही मिळे. ते कापडावर चौकटी आखत आणि चेहरा चौकटीचौकटीने चढवत. डोळे डोक्याच्या बरोबर मधोमध असतात, लोक उगाच वर काढतात, हे आम्हाला त्यांनीच प्रथम सांगितले. आम्ही आरशात पाहून बोटांनी मोजले. खरेच होते. मामू पाच वक्तांचे नमाजी. हिरॉइनचे गाल रंगवताना त्यांच्या मनात काय चालत असे, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. फ्लेक्स आल्यावर तो धंदा बसला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सजीवांची चित्रे काढणाऱ्यांना हदीसमध्ये इशारा आहे, हे आम्ही नाकारत नाही. चित्रकाराला कयामतच्या दिवशी आपल्या आकृतीत जीव फुंकायला सांगितले जाईल, ही हदीस आपल्या घराघरांत माहीत आहे. आपल्या मुल्कातील बहुसंख्य उलेमा सजीवांचे चित्र नाजायज मानतात, हेही खरे. आम्ही मुफ्ती नाही आणि या लेखातून फतवा काढण्याचा आमचा इरादा नाही. पण आपल्याच परंपरेत हजरत आयेशांच्या बाहुल्यांची आणि पंख असलेल्या घोड्याची हदीसही आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी ज्ञानासाठी काढलेल्या चित्रांच्या बाजूने लिहिले आहे. मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. आमचा प्रश्न त्या मतभेदाच्या अलीकडचा आहे. अगदी कडक मत घेतले तरी वाद आहे तो प्रामुख्याने डोक्याचा, चेहऱ्याचा. शीर नसलेली आकृती, सुटा हात, सुटा पाय यांना पुष्कळ उलेमा चित्राच्या मनाईत धरतच नाहीत. मग आमच्या मुलांना कोपर का येत नाही? मनगट कोणी हराम केले? चेहऱ्याचा प्रश्न दीनाचा आहे असे मानू. कोपराचा प्रश्न आमच्या आळसाचा आहे आणि तो आळस आम्ही दीनाच्या चादरीखाली झाकून ठेवला आहे.

जो मुलगा वुजू करताना कोपरासह हात आणि घोट्यासह पाय धुतो, तेही दिवसातून पाच वेळा, त्याच्या कागदावरच्या माणसाला कोपर आणि घोटा नसावा, हे आम्हाला फार उशिरा खटकले. खटकल्यावर आम्ही वर्ग तिथूनच सुरू केला. दुआसाठी हात उचला, असे मुलांना सांगितले. तळवे वर. कोपराखाली दोन हाडे असतात आणि तळवा वर असताना ती शेजारी शेजारी, समांतर असतात. आता कायद्यात बसल्यावर हात मांडीवर जसे ठेवता तसे ठेवा. तळवा खाली गेला आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड दुसऱ्यावरून तिरपे पडले. डाव्या हाताने उजवा हात धरून हे करून पाहा म्हटले, तर वर्गभर "अरे हाँ सर" सुरू झाले. सहावी-सातवीची मुले. मानवी शरीरात २०६ हाडे असतात हे आम्ही त्यांच्याकडून विज्ञानाच्या तासाला पाठ करून घेतले होते. एकाही हाडाला कोणी हात लावून पाहिला नव्हता.

मग रुकू. पाठीचा कणा कुठून वाकतो? मुलांच्या चित्रात तो पोटातून वाकतो, घडी घातलेल्या चटईसारखा. खरे तर वाकणे होते ते मांडीच्या सांध्यातून. सजदा सात अवयवांवर होतो हे सगळ्यांना तोंडपाठ: नाकासह कपाळ, दोन तळवे, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटे. आम्ही म्हटले, या सात जागा कागदावर सात ठिपक्यांनी मांडा आणि मग शरीर जोडा. ज्या मुलांना उभा माणूस येत नव्हता त्यांनी सजद्यातला माणूस काढला, आणि तो माणूस वाटत होता. चेहरा जमिनीकडे असल्यामुळे तो वादही निघाला नाही.

बाकी मापे कोणालाही शिकता येण्यासारखी आहेत. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट भरते. सरळ सोडलेल्या हाताचे कोपर कमरेशी येते आणि मनगट मांडीच्या सांध्याच्या आसपास. पाऊल जवळजवळ कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंतराएवढे असते. दीड-दोन वर्षांचे मूल मात्र डोक्याच्या जेमतेम चार पट. चित्रातली लहान मुले बुटक्या म्हाताऱ्यांसारखी दिसतात ती यामुळेच, कारण मोठ्या माणसाची मापे आपण लहान करून त्यांना लावतो. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहणारा माणूस एका पायावर भार देऊन उभा असतो. ज्या पायावर भार, त्या बाजूचे कमरेचे हाड वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. अमरावतीहून अकोल्याला घरी जाताना आम्ही आता फलाटावर हेच पाहत असतो. सोबतचे लोक काय समजत असतील अल्लाह जाणे.

मापाने आकृती बसवणे ही गोष्ट आपल्याला परकी आहे असे कोणी समजू नये. उर्दू शाळेत खुशखतीला मान आहे. अलिफ किती कतांचा, बे किती कतांची, हे जुने उस्ताद कलमाने ठिपके देऊन मोजत. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुकला याने अक्षरांना हे प्रमाणशास्त्र दिले. (पुढे राजकारणात त्याचा उजवा हात तोडण्यात आला, ती कथा वेगळी.) अलिफाची उंची ठिपक्यांत मोजणारा मुलगा माणसाची उंची डोक्यांत मोजू शकतो. यात नवीन आहे तो फक्त मोजण्याचा विषय.

आणि हा रस्ता कोणी चाललेले नाही असेही नाही. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचा व्यवसाय होता. त्या घरातला मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, तिथे माणसाच्या शरीराचा अभ्यास करून रेखाटने केली, व्हाइसरॉयचे पदक मिळवले आणि पुढे शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार झाला. नाव झाले ते निसर्गचित्रांमुळे. १९३१ साली ते वारले. मराठी चित्रकलेचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिता येत नाही. आमच्या शाळेतील एकाही मुलाला त्यांचे नाव माहीत नव्हते, आणि पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत आम्हालाही नव्हते. हुसेन मात्र सगळ्यांना ठाऊक. हुसेन पंढरपूरचे, आपले, म्हणून आपण मिरवतो. त्यांना देश सोडावा लागला त्याचे आपल्याला दुःख होते आणि ते योग्यच आहे. परंतु २००४ साली त्यांच्याच 'मीनाक्षी' चित्रपटातील गाण्यावरून आपल्याच संघटनांनी गदारोळ केला तेव्हा आपण कुठे होतो? आणि आज एखादा हुसेन आपल्या मोहल्ल्यात सातवीत असेल, तर त्याच्या वहीत लाल रेघ ओढायला आपण पेन उघडून बसलेलोच आहोत.

सैयद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकून मुंबईला गेले. १९४७ साली ज्या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला त्यांत हुसेन आणि रझा होते आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे ह. अं. गाडेही होते. रझांनी पुढे माणूस सोडला आणि बिंदू धरला. आमचे एक मित्र म्हणतात, बघा, मोठा चित्रकार व्हायला माणूस लागतच नाही. आम्ही म्हणतो, सोडण्यासाठी तो आधी हातात यावा लागतो. आमच्या मुलांनी सोडलेला नाही, त्यांच्याकडून काढून घेतलेला आहे.

दुसरा दुटप्पीपणा याहून मोठा आहे. अकोला हे आता डॉक्टर बनवण्याच्या क्लासेसचे शहर झाले आहे. आपल्या समाजातील ऐपत असलेले आणि नसलेले पालक कर्ज काढून मुलांना तिथे ठेवतात. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, जे २००२ साली सुरू झाले, मुलीचा नंबर लागला की मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते. वाटावीच. पण तिथे पहिल्याच वर्षी ती मुलगी काय करते? उघड्या मृतदेहावर शरीररचना शिकते. त्यावर कोणाला आक्षेप नाही. युनानीला प्रवेश मिळाला तर विषयाचे नावच 'तशरीहुल बदन'. शब्द आपला, विद्या आपली. शिराजच्या मन्सूर इब्न इलियास यांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारसीत 'तशरीह-ए-मन्सूरी' लिहिली. तिच्यात हाडे, नसा, स्नायू, शिरा आणि धमन्या दाखवणाऱ्या पूर्ण मानवाकृती आहेत, गर्भवती स्त्रीचीही आकृती आहे. सांगाडा पाठमोरा आहे, पण त्याची मान मागे अशी टाकलेली आहे की तोंड वर आकाशाकडे दिसते. तो पाहून आम्हाला आमची पाठमोरी माणसे आठवली. मन्सूरने पाठ दाखवली ती कणा दिसावा म्हणून.

आणि इंग्रजी वैद्यकाचे म्हणाल तर ज्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची डॉक्टर मंडळी शपथ घेतात, १८५८ सालच्या त्या ग्रंथातील चित्रे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्या हातची. चित्रे काढून झाल्यावर हे गृहस्थ मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. चित्र काढणाऱ्या हाताशिवाय डॉक्टर घडत नाही. मग आपल्याला डॉक्टर हवा आणि चित्र काढणारा हात नको, हा कुठला न्याय?

आपल्या इतिहासात तर याहून धाडसी चित्र आहे. जहांगीरच्या दरबारातील इनायत खान अफूच्या व्यसनाने आणि आजाराने मरायला टेकला, तेव्हा बादशहाने चित्रकारांना त्याचे चित्र काढायला सांगितले. साल १६१८. हाडांवर ताणलेली कातडी पाहून आपण थक्क झालो, अशी नोंद जहांगीरने आठवणींत केली आहे. त्याचे रेखाटन आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे आणि रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात, इतकी उघडी. असे चित्र पाहून माणूस अल्लाहला विसरतो की त्याला त्याची आठवण येते? अकबराचे मत दुसरे होते, असे अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त सांगतो: चित्रकार एकेक अवयव जुळवत जातो आणि शेवटी आपण यात प्राण घालू शकत नाही हे त्याला उमगते, तिथे त्याला निर्मात्याचे स्मरण होणारच. अकबराचे मत दीनी बाबतीत किती धरावे, हा प्रश्न कोणी विचारील. विचारावा. पण हे मत एका चित्रकारप्रेमी बादशहाने चारशे वर्षांपूर्वी मांडले होते, एवढे तरी मुलांना कळू द्या.

फोटोचे काय? हज यात्रेच्या पासपोर्टाला फोटो, आधारला फोटो, परीक्षेच्या हॉलतिकिटाला फोटो. ती जरूरत म्हणून सोडून देऊ. लग्नाच्या व्हिडिओची जरूरत कोणती? ईदच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर बारा इच्छुक नगरसेवकांचे चेहरे चौकात लटकतात त्याची जरूरत कोणती? फोटो हे चित्र नव्हे, अक्स आहे, आरशासारखा, असा एक युक्तिवाद आहे. काही उलेमा तो मान्य करतात, काही करत नाहीत. ठीक. पण व्यवहारात काय झाले ते पाहा. मोबाइल असलेल्या प्रत्येकाला सूट मिळाली. सगळ्या समाजाचा तकवा आता सहावीतल्या पोराच्या टू-बी पेन्सिलीने सांभाळायचा.

बेपर्दगीची भीती मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. चित्रकला शाळेत विवस्त्र मॉडेल बसवतात, हे पालकांनी ऐकलेले असते. ते खरे आहे. जे. जे. स्कूलमध्ये पहिल्या महायुद्धानंतर कॅप्टन सॉलोमन यांनी तसा वर्ग सुरू केला. अकबर पदमसी यांनी १९५४ साली मुंबईत लावलेल्या चित्रांवरून तर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. मोठ्या वयाचा, तो रस्ता निवडणारा विद्यार्थी त्याचे त्याने ठरवील, जसे शवविच्छेदन करणारी आपली मुलगी ठरवते. अमरावतीच्या सातवीतल्या मुलाला यातले काही लागत नाही. त्याला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर कसरत करणारी मुले पुरतात, कापूस बाजारात पाठीवर बोजा घेतलेला हमाल पुरतो, भाकरी थापणारी त्याची अम्मी पुरते. कपड्यांच्या घड्या कुठून सुटतात तेवढे पाहिले तरी आत सांधा कुठे आहे ते समजते.

हे सर्वांत चांगले कोणाला समजते? शिंप्याला. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. आमची एक विद्यार्थिनी होती. वडील टेलर. इंटरमीजिएटला तिला चांगली श्रेणी मिळाली आणि बारावीनंतर तिला उपयोजित कलेच्या पदवीला जायचे होते. घरातून नकार आला. आम्ही दुकानात गेलो. समोर कापड पसरलेले, गळ्यात टेप. ते म्हणाले, "सर, आप खुदही बोलते थे पीछे से निकालो, अब क्या हुआ?" आम्हाला उत्तर सुचेना. मग आम्ही विचारले, तीरा कुठून कुठे मोजता? त्यांनी आमच्याच खांद्यावर बोट ठेवून दाखवले, या हाडापासून या हाडापर्यंत. मुंढा कमी पडला तर काय होते? हात वर केला की सगळा कुर्ता वर येतो, ते म्हणाले. आसन कमी पडले तर सजद्यात फाटते. अर्धा तास ते शरीरावर बोलत होते, आणि आम्ही जे फळ्यावर शिकवतो त्याहून अचूक बोलत होते. आम्ही म्हटले, भाई, हेच ती शिकणार आहे. ते थोडे हसले. परीक्षेला बसू दिले.

ती प्रवेश परीक्षेला बसली. त्या परीक्षेतही स्मरणचित्राचा पेपर असतो. बाहेर आल्यावर तिने सांगितले, घाई झाली, मग सगळे पाठमोरे काढले. हात सवयीने तिकडेच गेला. तिचा नंबर लागला नाही. पुन्हा बसण्यासाठी घरात दुसऱ्यांदा भांडण करायची तिची तयारी नव्हती. आता ती लग्नाघरी मेंदी काढते, चांगली काढते, पैसेही मिळतात. तिच्या वडिलांना आम्ही रस्त्यात भेटतो. ते काही म्हणत नाहीत.

आमचे पुरोगामी मित्र हे ऐकून म्हणतील, पाहा, धर्म आडवा आला. त्यांनाही आमचे दोन शब्द आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला शंभरावर मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे लिहिले आहे. आमच्या शाळेत मुले आहेत, निदेशक नाही. वाचनालयात उर्दूतून चित्रकलेचे एकही पुस्तक नाही. भाषणात मुसलमान मुलांच्या अभिव्यक्तीवर बोलणाऱ्यांपैकी कोणी एक कागदाचे रीम घेऊन शाळेत आल्याचे आम्हाला स्मरत नाही. ज्या मुलीचे आम्ही नुकसान केले त्यात मशिदीच्या मिंबरचा वाटा किती आणि रिकाम्या खुर्चीचा किती, हे जरा मोजून बोलावे.

गेल्या वर्षी आम्ही शेवटी एका आलिमसाहेबांकडे गेलो. सोबत तो गठ्ठा आणि वर्गात काढलेली नवी चित्रे होती. सजद्यातली, दुआच्या हातांची, सांगाड्याची. त्यांनी सगळी चित्रे सावकाश पाहिली. दुआच्या हातांवर थांबले आणि स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, चेहऱ्याच्या बाबतीत माझे मत तुम्हाला माहीत आहे, ते मी बदलणार नाही. पण हे हात, हे पाय, ही हाडे शिकवायला तुम्हाला कोणी मना केले होते? आम्ही म्हटले, कोणी नाही. ते म्हणाले, मग इतकी वर्षे का शिकवले नाही?

चेहऱ्यावर आमचे आणि त्यांचे जमत नाही. ज्या मुलाच्या घरची हरकत नाही त्याला आम्ही आता चेहराही शिकवतो, डोळे मधोमध, मामूंनी सांगितल्याप्रमाणे. ज्याच्या घरची हरकत आहे तो माणूस पाठमोरा काढतो. पण त्या पाठीला आता कणा असतो, खांद्याची पाती असतात, आणि शर्ट कुठे ताणला आहे ते दिसते. सांगाड्याचा तक्ता चित्रकलेच्या वर्गात कायमचा लावावा, असा अर्ज आम्ही कमिटीला दिला आहे. त्यावर अजून चर्चा व्हायची आहे. तोपर्यंत आम्ही तो विज्ञानाच्या खोलीतून तासापुरता काखेत मारून नेतो आणि घंटा झाली की परत आणून खिळ्याला अडकवतो.